आठ चोवीसची नोंद

१२ जानेवारी २०२५, रविवार

शेवटची नोंद सहा ऑक्टोबरची आहे. तीन महिने गप्प राहिले त्याबद्दल या वहीची माफी मागायला हवी आणि कारणही सांगायला हवं. अभ्यासक्रमात आम्हाला एक 'लेर्नटागेबुख' ठेवावं लागतं, म्हणजे शिकण्याची दैनंदिनी. ती जर्मनमध्ये लिहायची आणि दर महिन्याला डॉ. लॉरेंझबाईंना द्यायची. एक डायरी लिहून हात दमतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं असं आहे की तिथे मी पानोपानी 'श्पानेंड' लिहिते, म्हणजे फार रंजक, फार उत्सुकता वाढवणारं. ते लिहून झाल्यावर इथे दुसरं काही लिहायची लाज वाटते.

तर खरं ते लिहिते. मला तनयाचा हेवा वाटतो.

लिहून बघितलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. पुण्यात चौदा वर्षं सातवी ते दहावीला गणित शिकवलं. नवऱ्याच्या, मयुरेशच्या नोकरीमुळे जर्मनीत गेर्लिंगेनला आलो, त्यालाही आता आठ वर्षं झाली. बी.एड.ला माझ्या दोन मेथड होत्या, गणित आणि विज्ञान. इथल्या कार्यालयाने कळवलं की शिक्षकाला इथे दोन विषय लागतात, आणि नुसतं 'विज्ञान' त्यांच्या यादीत नाही. म्हणजे माझा विषय एकच. चौदा वर्षांबद्दल पत्रात एक वाक्यही नव्हतं.

मग हा अभ्यासक्रम सापडला. परदेशात शिक्षक झालेल्यांसाठी एक वर्षाचा, पेडागोगिशं हॉखशूलंचा, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयाचा. सगळे नुसतं 'पेहा' म्हणतात. शोधला मी. तनयाला सांगितला मी. ती तेहेतीस वर्षांची, नाशिकची, तिचा नवरा मयुरेशच्याच ऑफिसात. तिचे फॉर्म याच जेवणाच्या टेबलावर बसून मी भरून दिले. तिच्याकडे एम.एस्सी. फिजिक्स आणि आधीचं गणित, म्हणजे दोन विषय आयते. शिकवण्याचा अनुभव दोन वर्षं. फॉर्ममध्ये 'दोन' लिहिताना मला जरा बरं वाटलं होतं, हेही आता लिहून टाकते.

आमचं प्रात्यक्षिक फॉयरबाखच्या एका शाळेत आहे. तिथल्या ब्रेनरबाई आमच्या मार्गदर्शक. पहिल्याच दिवशी त्या आम्हा दोघींना म्हणाल्या, मला 'डू' म्हणा, म्हणजे अगंतुगं करा. तनया त्याच दुपारी त्यांना 'डू' म्हणून हाक मारायला लागली. माझ्या तोंडून अजून 'झी' येतं. त्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या आहेत. तोंड अहोजाहोच म्हणतं, मी काय करू.

येत्या सप्टेंबरपासून त्या शाळेत जागा एकच आहे. स्वतःचा वर्ग, आणि वर्षअखेर पूर्ण मान्यता. अर्ज दोघींचे. पुढच्या वर्षी हा अभ्यासक्रम चालेल की नाही, कुणालाच माहीत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

तनया संध्याकाळी पाठाची तयारी करायला आली होती. आम्हा दोघींना सहावीला अपूर्णांकांवर एकेक पाठ द्यायचा आहे. ते पाठ आणि त्यांची निरीक्षणं यांवरून समिती जागा ठरवणार.

निधीने खोलीचं दार आपणहून उघडलं. माझी पंधरा वर्षांची मुलगी. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, कित्येक महिने असंच चाललंय. आज तिने तनयाच्या शेजारची खुर्ची ओढली आणि मराठीत म्हणाली, "तनयामावशी, तू काय पाठ करतेयस?"

"लिंगं गं. मराठीत तो-ती-ते, जर्मनमध्ये डेर-डी-डास, मग एकमेकांना जुळायला काय होतं त्यांना? खुर्ची?"

"ती. पण श्टूल डेर आहे."

"टेबल?"

"ते. टिश पण डेर."

"बघ. आपण जर्मनीत आलो की घरातलं सगळं फर्निचर पुरुष होतं."

निधी खिदळली. तनयाने विचारलं, "उत्तर?"

"ते उत्तर. म्हणून तू डास आंटवोर्ट म्हणतेस? डी असतं ते!"

"डासच. चावतो मला रोज."

मग निधी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आई काय करते माहितीये? सगळ्याला नुसतं 'द' म्हणते. द टिश, द लाम्पं. ओठांतल्या ओठांत. म्हणजे चूक पकडताच येत नाही कुणाला."

कित्येक महिन्यांनी माझ्या मुलीच्या तोंडून सलग चार मराठी वाक्यं आली, आणि ती ही.

"नाही गं," तनया म्हणाली, "ताईंना सगळं येतं. घाईत असतात त्या."

तिने मला सावरायची काय गरज होती? मी चहा टाकायला उठले. परत आले तेव्हा दोघी वहीत काहीतरी काढून हसत होत्या. मला पाहून थांबल्या असं मला वाटलं. थांबल्या नसतीलही.

२३ जानेवारी, गुरुवार

माझा पाठ झाला. बरा झाला. मुलं शांत होती.

इथली पद्धत लिहून ठेवते. एक शिकवते, दुसरी मागे बसून निरीक्षणपत्र भरते. डाव्या रकान्यात घड्याळ, उजव्या रकान्यात जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच. मत लिहायचं नाही. 'छान' नाही, 'कंटाळवाणं' नाही. लॉरेंझबाई म्हणतात, बघा, ठरवू नका. मला ही पद्धत पहिल्या दिवसापासून आवडली. पुण्यात शाळा तपासणीला आलेले साहेब दारातूनच ठरवून यायचे.

तनयाने तिचं पत्र देण्याआधी मला वाचायला दिलं. दाखवण्याची रीत आहे, सक्ती नाही. दोन पानं भरून, बारीक अक्षरात. पण माझी एकही भाषेची चूक त्यात नाही. मी तीन तरी केल्या, मला माहीत आहे. म्हणजे एकतर तिला कळल्या नाहीत, नाहीतर तिला माझ्यावर उपकार करून ठेवायचे आहेत. शिवाय एक ओळ अशी: 'समच्छेदाचा प्रश्न विचारल्यावर शिक्षिका आठ सेकंद थांबल्या. सातव्या सेकंदाला मागच्या बाकावर एक बोट वर झालं. नंतर आणखी चार.'

आठ सेकंद. घड्याळ लावून मोजले तिने. मी संथ आहे असं सुचवायचं असेल तर सरळ लिहावं ना. बाकी दोन पानांत ही एकच टोचणी तिने ठेवली आहे, तीसुद्धा नियमात बसवून. हुशार आहे.

२५ जानेवारी, शनिवार

वरची नोंद पुन्हा वाचली. मी अन्याय करते आहे का? ती मला 'ताई' म्हणते आणि मनापासून म्हणते. पण मनापासून म्हणणाऱ्या माणसाने मला मागे टाकू नये असं मला वाटतं, आणि ही मागणी कुठल्याच न्यायात बसत नाही.

ठरवलं: तिच्या पाठाचं निरीक्षण मी शंभर टक्के खरं लिहीन. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही.

३० जानेवारी, गुरुवार

आज तनयाचा पाठ झाला. मी मुद्दाम आधीची ट्राम घेतली. वाटेत गप्पा झाल्या की मन कलतं, आणि निरीक्षकाचं मन कलू नये.

वर्गाच्या दाराशी ब्रेनरबाईंनी मला एक पाकीट दिलं, "तनयाकडून." शिकवणारी निरीक्षकाला कधी कधी एखादी विनंती करते, अमुक गोष्टीकडे लक्ष ठेवा म्हणून. मी ते न उघडता बॅगेत ठेवलं. कुणीतरी सांगितलं तिकडेच बघायचं असेल तर मग निरीक्षण कसलं?

पाठ कसा झाला ते इथे लिहिते, कारण पत्रात मत लिहायचं नसतं. गोंगाट होता. तनया पहिल्याच मिनिटाला 'डेर टाफेल' म्हणाली. फळा तो, म्हणून डेर. वर्ग ओरडला, "डी!" मग 'डी हेफ्ट'. वही ती. "डास!" मग 'डेर श्ट्युक'. तुकडा तो. त्या खोलीत मी एकटीच अशी होते की जिला प्रत्येक चूक कुठून आली ते कळत होतं. आतल्या आत शरमेने मरत होते. आपल्या घरचं कुणी पाहुण्यांसमोर घसरून पडावं तसं. ती मात्र हसत होती. "माझ्या भाषेत फळा पुरुष आहे," असंही तिने मुलांना सांगून टाकलं. मुलं तिच्या प्रत्येक नामाची वाट बघत बसल्यासारखी पुढे झुकली होती. हा गणिताचा तास होता की खेळ?

आठ चोवीसला ती 'डास आंटवोर्ट' म्हणाली आणि थांबली. वर्ग या वेळी ओरडला नाही. दुसऱ्या बाकावर खिडकीशी बसलेली एक लहानखुरी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "डी. डी आंटवोर्ट." सगळी मुलं वळून तिच्याकडे बघत राहिली. तनयाने खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः तिच्या जागेवर जाऊन बसली. म्हणजे चूकही विद्यार्थिनीने सुधारायची आणि उदाहरणही तिनेच सोडवायचं. मुलीने तीन चतुर्थांश आणि एक अष्टमांश यांची बेरीज फळ्यावर केली. बरोबर केली.

ब्रेनरबाई तोंडावर हात धरून होत्या. हसू दाबत असाव्यात. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या, इतकं. मलाच कानकोंडं झालं.

भाषेच्या चुका एकूण अकरा. प्रत्येकीपुढे वेळ आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार

पत्र दिलं. तनयाला दाखवलं नाही. सक्ती नाहीच. ती "ताई, काय लिहिलंत?" असं विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं, पण तिने विचारलंच नाही.

लॉरेंझबाईंनी माझ्यासमोरच पान चाळलं. "गेनाऊ," त्या म्हणाल्या, "झेर गेनाऊ." अगदी काटेकोर. शाळेत असताना पहिला नंबर आल्यावर जसा आनंद व्हायचा तसा झाला. मग त्यांनी विचारलं, "तुम्हा दोघींची मातृभाषा एकच ना? म्हणजे तुम्हाला याचं वजन जास्त कळत असेल." मी म्हणाले, 'या', म्हणजे हो.

ब्रेनरबाई काल दुपारपासून फ्लूने आजारी आहेत. एरवी त्या सही करून समितीपुढे बोलायच्या, आता तिथे फक्त कागद जातील.

संध्याकाळी मयुरेश म्हणाला, "टॅक्सवाल्या फिनान्झआम्टचं पत्र आल्यासारखा चेहरा का केलायस? चांगलं म्हणाल्या ना बाई?"

"म्हणाल्या."

"मग?"

"मग काही नाही."

"तनयाचं कसं झालं?"

"गोंगाट होता," मी म्हणाले. हेही खरंच होतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज लॉरेंझबाईंनी तनयाला खोलीत बोलावलं. वीस मिनिटं ती आत होती. परतताना आम्ही एकत्रच यू-सिक्स ट्राम पकडली. ती नेहमीसारखी बडबडत नव्हती. वायलिमडोर्फचा थांबा गेल्यावर म्हणाली, "भाषेवरून गाडी अडकलीये, ताई. त्या म्हणाल्या, लिंगांच्या इतक्या चुका करणाऱ्याच्या हाती स्वतंत्र वर्ग द्यायचा का, हा समितीपुढे प्रश्न आहे."

मी खिडकीबाहेर बघितलं. "मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. आता बोलले तर सबब वाटेल. मनात म्हटलं, रीमचं सगळं तुमच्या कागदात असेलच, शुक्रवारी समिती बघेलच. चिठ्ठी वाचलीत ना माझी?"

"हो."

"मग झालं तर. तुमच्याइतकं नीट बघणारं दुसरं कोण आहे तिथे?"

मी 'हो' म्हणाले. या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवून तीन आठवडे झाले, आणि ट्राममध्ये एका अक्षरात ते बोलून बसले. रीम कोण, हेही मला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर कोट न काढता पाकीट उघडलं. चिठ्ठी मराठीत होती. इथे उतरवते.

'अरुंधतीताई, दुसऱ्या बाकावर खिडकीजवळ रीम बसते, तिच्याकडे लक्ष ठेवाल? सप्टेंबरपासून ती वर्गात एक शब्द बोललेली नाही. गणित तिला छान येतं, वहीत सगळं बरोबर असतं. मला वाटतं, तिला चुकायची भीती आहे. म्हणून मी आज मुद्दाम मराठीची लिंगं लावून बोलणार आहे आणि मुलांना दुरुस्त करायला लावणार आहे. बाई चुकतात आणि काही होत नाही, हे तिला दिसावं. प्लॅनमध्ये हे लिहिलं नाही, डाटेनशुट्झ, म्हणजे खासगी माहितीचा नियम, मुलीबद्दल अधिकृत कागदात काही नको. बोललीच तर तेवढं नोंदवा. नाही बोलली तर राहू दे. तुमची, तनया.'

निधी डोकावून म्हणाली, "वास इस्ट?" काय झालं. मी चिठ्ठी परत पाकिटात घातली.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून स्वतःशी वाद घालते आहे. जसा झाला तसा लिहिते.

पहिला मुद्दा: माझ्या पत्रातली एकही ओळ खोटी नाही. ८.२४ पुढे लिहिलं आहे, 'विद्यार्थिनी (दुसरा बाक) शिक्षिकेने लावलेलं नामाचं लिंग दुरुस्त करते. शिक्षिका विद्यार्थिनीच्या जागेवर बसते.' झालं ते हेच.

दुसरा मुद्दा: अकराच्या अकरा चुका मुद्दाम नव्हत्या. दोन अनेकवचनं चुकली होती आणि एक क्रियापद. त्या खऱ्याच आहेत, चिठ्ठीने त्या पुसल्या जात नाहीत. हे मोजून पाहताना मला किती उत्साह आला होता, ते इथे लिहिलंच पाहिजे.

तिसरा मुद्दा मी दुपारपर्यंत फार जपून ठेवला होता: नियमाप्रमाणे निरीक्षकाने नंतर कळलेली गोष्ट लिहायची नसते. मला त्या मुलीबद्दल नंतर कळलं. म्हणजे आता पत्र बदलणं हेच नियमाबाहेरचं. किती नीट बसतंय सगळं! असं नीट बसलं की पूर्वी मला समाधान व्हायचं.

दुपारी भाजी चिरताना सहज ८.२४ आठवत होते. चिठ्ठी बाजूला ठेवून. नुसतं काय दिसलं, काय ऐकू आलं. मुलगी उभी राहिली. आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरल्यासारखा. एकही मूल हसलं नाही. एरवी दर वेळी ओरडणारा वर्ग त्या एका वेळी गप्प होता. पुढच्या बाकावरच्या मुलीने शेजारणीचं मनगट धरलं. ब्रेनरबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत नव्हत्या. हसणाऱ्या माणसाचे खांदे हलतात. त्यांचे हलत नव्हते. हे सगळं मी पाहिलं होतं. तीस तारखेला, जागेवरच. चिठ्ठी वाचलेली नसताना. नियमात बसणारं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मी त्यातून दोन ओळी निवडल्या.

निवडल्या हाच शब्द. दुसरा सापडतो का पाहिला, सापडला नाही.

लॉरेंझबाईंना मेल केली: निरीक्षणपत्रात पुरवणी जोडता येते का? दहा मिनिटांत उत्तर आलं. गुरुवारी बारापर्यंत, स्वतः आणून द्यावी.

नवीन पत्र लिहिलं. दोन तास लागले. चुका आहेत तशा ठेवल्या, प्रत्येकीपुढे वर्गाने काय केलं ते लिहिलं. ८.२४ एकट्याच अर्ध्या पानाची झाली. लिहिताना एकदा वाटलं, फारच चांगलं दिसतंय हे, थोडं कमी करावं. कमी केलं नाही.

निधी पाणी प्यायला आली आणि माझ्या खांद्यावरून शेजारची चिठ्ठी वाचायला लागली. "वेअर इस्ट रीम?" म्हणाली. रीम कोण?

"एक मुलगी. बोलत नव्हती. तनयाच्या तासाला बोलली."

"कूल." मग जरा थांबून मराठीत म्हणाली, "तू पण होतीस तिथे?"

"होते."

"मग तुझी काय चिडचिड चाललीये?"

तिला काय सांगू? तनयाला ती जागा मिळेल. या कागदाने मिळेल. मी या वहीत मोठ्या मनाची होऊन दाखवणार नाही: मला आजही ती जागा हवी आहे. तनया लिंगं चुकवून हसली आणि एका मुलीला वाचा फुटली. मी 'द' 'द' करत आठ वर्षं एकही चूक पकडू दिली नाही आणि माझी स्वतःची मुलगीही माझ्याशी बोलेनाशी झाली. हा हेवा उद्या बारा वाजता संपणार नाही. माझ्या पाठाच्या पत्रातले ते आठ सेकंदही मला अजून टोचतात, आणि ते तिने का लिहिले असतील ते मला अजून समजलेलं नाही.

पण एक गोष्ट उरते. पुरवणी गुपचूप लॉरेंझबाईंकडे दिली तर तनयाला कधीच कळणार नाही की आधी काय दिलं होतं. ती म्हणेल, ताईंनी किती छान लिहिलं. आणि मी ते ऐकून घेईन. मला ओळखते मी.

उद्या: ट्राममध्ये तनयाला दोन्ही कागद दाखवणे, आधी जुना.